साबणाचं कोडं सोडवणारे मॅकबेन : पुण्याच्या एनसीएलचे पहिले संचालक आणि खडकात अडकलेलं तेल

गंगापूर तालुक्यात कपाशीवर फवारणी सुरू झाली की पंपात औषधाबरोबर थोडं स्टिकरही पडतं. स्टिकर नसेल तर पाण्याचा थेंब पानावर मोत्यासारखा गोळा होतो आणि घरंगळून जातो. स्टिकर असेल तर तोच थेंब पानभर पसरतो. जाणता शेतकरी आणखी एक पथ्य पाळतो. तणनाशक मारायचं असेल तर तो गढूळ पाणी घेत नाही. काही तणनाशकं अशी आहेत की पाण्यातले काळ्या मातीचे बारीक कण त्यांना स्वतःला चिकटवून घेतात. मग फवारा उडतो, पण तण काही मरत नाही.

रसायनशास्त्राच्या भाषेत यातल्या पहिल्या गोष्टीला पृष्ठसक्रिय पदार्थ किंवा सर्फॅक्टंट म्हणतात आणि दुसरीला अधिशोषण. साबण, शाम्पू, भांड्याची पावडर, आपलं रिठा-शिकेकाई हे सगळे सर्फॅक्टंट. आणि अधिशोषण म्हणजे एखाद्या घन वस्तूच्या पृष्ठभागावर दुसऱ्या पदार्थाचे रेणू जाऊन बसणं. शोषण आणि अधिशोषण यांत फरक आहे. स्पंज पाणी पोटात घेतो ते शोषण, आणि वस्तूच्या फक्त अंगावर थर बसतो ते अधिशोषण.

या दोन गोष्टी एकत्र आल्या की जमिनीखाली हजारो फुटांवरच्या खडकात अडकलेलं खनिज तेल वर येणार की तिथंच राहणार, हे ठरतं. हे शास्त्र ज्यांच्या कामावर उभं राहिलं, ते जेम्स विल्यम मॅकबेन आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात पुण्यात होते. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे, ते पहिले संचालक. एनसीएल म्हटलं की मराठी माणसाला डॉ. माशेलकर आठवतात आणि ते बरोबरच आहे. पण त्या खुर्चीत सगळ्यात आधी कोण बसलं होतं हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

मॅकबेन यांचा जन्म २२ मार्च १८८२ चा, कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या चॅथम या गावचा. टोरांटो विद्यापीठात बी.ए. आणि एम.ए. झाल्यावर १९०४ मध्ये ते जर्मनीत लाइपझिगला गेले. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्यामुळे लाइपझिग तेव्हा भौतिक रसायनशास्त्राचं पंढरपूर झालेलं होतं. जगभरातली तरुण मंडळी तिथं वारी करून यायची. पुढे हायडेलबर्गमधून त्यांनी डॉक्टरेट घेतली. पण त्याआधीच, १९०६ मध्ये, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथं त्यांना अध्यापकाची नोकरी मिळाली होती. तिथं ते वीस वर्षं राहिले.

सुरुवातीच्या कामातच त्यांनी विज्ञानाला एक शब्द दिला. कोळसा हायड्रोजन वायू धरून ठेवतो हे माहीत होतं. मॅकबेन यांनी बारकाईनं पाहिलं तेव्हा यात दोन क्रिया दिसल्या. वायू आधी झटकन कोळशाच्या पृष्ठभागावर बसतो आणि मग सावकाश आत मुरत जातो. पृष्ठभागावरचा किती आणि आतला किती, हे प्रत्येक वेळी वेगळं काढणं कठीण. तेव्हा इंग्रजीतल्या ॲडसॉर्प्शन आणि ॲबसॉर्प्शन या दोन शब्दांचं शेपूट तेवढं ठेवून त्यांनी १९०९ मध्ये सॉर्प्शन हा शब्द वापरला. दोन्ही क्रिया मिळून एक. शब्द साधा होता, सोयीचा होता आणि टिकला. आज कागदाच्या कारखान्यापासून औषधाच्या कंपनीपर्यंत तो रोज वापरात आहे.

त्यांचं खरं नाव झालं ते मात्र साबणामुळे.

साबण ही माणसाच्या ओळखीची जुनी वस्तू. तेल किंवा चरबी आणि अल्कली एकत्र शिजवली की साबण होतो, हे कारागिरांना कित्येक शतकं माहीत होतं. पण तो पाण्यात विरघळल्यावर आत नेमकं काय होतं, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. एक गट म्हणायचा, साबण हे मीठासारखं क्षार आहे, त्याचे आयन सुटे होतात. दुसरा म्हणायचा, साबण डिंकासारखा कलिल आहे, त्याचे मोठाले कण पाण्यात तरंगतात.

मॅकबेन यांनी वाद घालण्याऐवजी मोजमाप करायचं ठरवलं. मिलिसेंट टेलर या सहकारी संशोधिकेबरोबर त्यांनी सोडियम पामिटेट या साबणाच्या द्रावणातून वीज किती वाहते हे मोजलं. हा साबण थंड पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून सगळे प्रयोग ९० अंश सेल्सिअसला करावे लागले. वीज चांगली वाहत होती, म्हणजे द्रावणात विद्युतभार असलेले कण भरपूर होते. मग त्या द्रावणात एकूण सुटे कण किती, याचा अंदाज घ्यायचा होता. त्याची नेहमीची रीत म्हणजे द्रावणाचा उत्कलनबिंदू किती वाढतो ते पाहणं. पण साबणाचं पाणी उकळायला ठेवलं की फेसच फेस! मोजणार कसं? म्हणून त्यांनी वेगळी वाट धरली. द्रावणावरच्या वाफेचं दव कोणत्या तापमानाला पडतं ते पाहायचं आणि त्यावरून हिशेब करायचा.

हिशेब विचित्र निघाला. वीज सांगत होती की भार भरपूर आहे. दव सांगत होतं की कण मात्र थोडेच आहेत.

हे कोडं समजायला एसटीचं उदाहरण पुरेल. टोलनाक्यावरचा माणूस गाड्या मोजतो आणि कंडक्टर तिकिटं मोजतो. रस्त्यावर ६० माणसं सुटी सायकलवरून निघाली तर नाक्यावर ६० वाहनं दिसतील. तीच ६० माणसं एका एसटीत बसली तर नाक्यावर वाहन एकच, पण तिकिटं ६०. मॅकबेन यांनी ओळखलं की साबणाचे रेणू पाण्यात एसटीत बसतात. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि त्याची लांब तेलकट शेपटी पाण्यापासून पळते. द्रावण जरा दाट झालं की या शेपट्या एकमेकींच्या आडोशाला येतात. पाणीप्रेमी टोकं बाहेर आणि शेपट्या आत, असा पुंजका तयार होतो. पुंजका एकच, पण भार अनेकांचा. या पुंजक्यासाठी त्यांनी १९१३ च्या सुमारास मायसेल हा शब्द वापरला. शब्द त्यांचा नव्हता, वनस्पतिशास्त्रात तो आधीपासून होता. पण आज जगात मायसेल म्हटलं की साबणाचाच पुंजका डोळ्यांसमोर येतो, आणि ते मॅकबेन यांचं देणं आहे.

हे सगळ्यांना पटकन पटलं असं नाही. त्या काळची समजूत अशी की विरघळलेले रेणू सैरावैरा फिरतात. ते आपणहून, कुणी न सांगता, शिस्तीत एकत्र येतील ही कल्पना अनेकांना हास्यास्पद वाटली. १९२५ मध्ये लंडनच्या एका सभेत मॅकबेन यांनी हा विचार मांडला तेव्हा अध्यक्षस्थानी असलेल्या नामवंत शास्त्रज्ञानं तो एका शब्दात निरर्थक म्हणून उडवून लावला, हा किस्सा कलिल रसायनशास्त्राच्या वर्गांत आजही सांगितला जातो. तोवर मॅकबेन काही नवखे राहिले नव्हते. १९१९ मध्ये ते ब्रिस्टलचे पहिले लिव्हरह्यूम प्राध्यापक झाले होते आणि १९२३ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो. लिव्हरह्यूम म्हणजे सनलाइट साबणवाले लिव्हर. ज्यांची पुढची पिढी शिवडीत कारखाना काढून आपल्याकडे साबण बनवू लागली, त्याच घराण्याच्या पैशातून साबण म्हणजे काय हे शोधणाऱ्याची खुर्ची उभी राहिली होती.

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅकबेन अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि निवृत्तीपर्यंत तिथंच राहिले. ब्रिस्टलला असताना त्यांच्याबरोबर साबणावर काम करणाऱ्या मेरी लेंग पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. त्या स्वतः पक्क्या संशोधक होत्या.

मॅकबेन यांचा हात प्रयोगात विलक्षण चालायचा. अधिशोषण मोजायचं तर वजनातला अगदी बारीक फरक कळायला हवा. १९२६ मध्ये बक्र या सहकाऱ्यासोबत त्यांनी एक तराजू प्रसिद्ध केला. काचेच्या बंद नळीत क्वार्ट्झच्या बारीक तारेची स्प्रिंग टांगायची, तिच्या टोकाला इवलीशी वाटी लावायची आणि वाटीत कोळसा किंवा जो पदार्थ तपासायचा तो ठेवायचा. नळीत वायू सोडला की तो त्या पदार्थावर बसतो, वाटी जड होते आणि स्प्रिंग ताणली जाते. किती ताणली ते सूक्ष्मदर्शकातून वाचायचं. विजेचा संबंध नाही, यंत्राचा खडखडाट नाही. मॅकबेन-बक्र तराजू या नावानं तो प्रयोगशाळांमध्ये कित्येक दशकं वापरला गेला.

त्याहून धाडसी प्रयोग १९३० च्या दशकातला. सर्फॅक्टंटसारखे पदार्थ पाण्याच्या पृष्ठभागावर गर्दी करतात, हे अमेरिकन शास्त्रज्ञ विलर्ड गिब्ज यांनी १८७० च्या दशकात गणितानं दाखवलं होतं. पण प्रत्यक्ष पृष्ठभाग कापून त्यात किती पदार्थ आहे हे कुणी मोजलं नव्हतं. पाणी कापणार कसं? मॅकबेन आणि हम्फ्रीज यांनी ते केलं. लांब पन्हाळीत द्रावण भरलं, तिच्यावर रुळांवरून धावणारी गाडी बसवली आणि गाडीला पातं लावलं. गाडी सेकंदाला दहा मीटरहून जास्त वेगानं सुटायची आणि पातं पृष्ठभागाचा एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहून पातळ थर खरवडून घ्यायचं. दुधावरची साय काढावी तशी पाण्यावरची न दिसणारी साय. त्या थराचं विश्लेषण केल्यावर आकडे गिब्ज यांच्या गणिताच्या जवळपास आले. साठ वर्षांपूर्वी कागदावर मांडलेलं सूत्र असं पात्यानं तपासून पाहणं, हे मॅकबेन यांचं बहुधा सगळ्यात देखणं काम म्हणावं लागेल.

सगळंच त्यांचं बरोबर ठरलं नाही. मायसेलचा आकार कसा, यावर त्यांचा आणि इंग्लंडच्या हार्टली यांचा मतभेद होता. हार्टली यांनी १९३० च्या दशकात गोल चेंडूसारख्या मायसेलचं चित्र मांडलं. मॅकबेन मात्र गोलाबरोबर थरांचे, पत्त्यांच्या गड्डीसारखे मायसेलही असतात असं धरून बसले. साध्या, फार दाट नसलेल्या द्रावणांसाठी पारडं हार्टली यांच्या बाजूनं झुकलं. पाठ्यपुस्तकात आज जो गोल, काटेरी कदंबाच्या फुलासारखा मायसेल दिसतो तो हार्टली यांचा. पण मायसेल असतो का, हा मूळ प्रश्न तोवर संपला होता. १९३९ मध्ये रॉयल सोसायटीनं मॅकबेन यांना डेव्ही पदक दिलं.

स्टॅनफर्डमध्येच त्यांनी आणखी एका गोष्टीवर भर दिला. पाण्यात न विरघळणारे पदार्थ, मग ते रंग असोत की तेल, मायसेलच्या पोटात शिरून बसतात आणि विरघळल्यासारखे वागतात. याला ते सोल्युबिलायझेशन म्हणत. तेलाच्या गोष्टीत हे पुढे महत्त्वाचं ठरणार होतं.

१९४७ मध्ये मॅकबेन निवृत्त झाले. त्याच वर्षी इकडे ६ एप्रिलला मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांच्या हस्ते पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला बसली. देश स्वतंत्र व्हायला चार महिने होते. या सगळ्यामागचा माणूस होता शांतिस्वरूप भटनागर, वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख.

भटनागर यांनाही साबण आणि तेल दोन्हींची जवळून ओळख होती. लंडनमध्ये डोनन यांच्या हाताखाली त्यांनी जे संशोधन केलं ते तेलात विरघळणाऱ्या मेदाम्लांच्या क्षारांवर, म्हणजे एका अर्थानं साबणांवरच होतं. पुढे लाहोरला प्राध्यापक असताना अटक ऑइल कंपनीचं एक दुखणं त्यांच्याकडे आलं. रावळपिंडीकडे विहिरी खोदताना वापरला जाणारा चिखल खाऱ्या पाण्याला लागला की घट्ट व्हायचा आणि खोदकाम ठप्प व्हायचं. भटनागर यांनी त्यात भारतीय डिंक मिसळायला सांगितला. मातीच्या कणांवर डिंकाचा थर बसला की ते एकमेकांना चिकटत नाहीत. चिखल पुन्हा वाहता झाला. कंपनीशी संबंधित स्टील ब्रदर्सनं खूश होऊन संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. भटनागर यांनी ते स्वतः न घेता विद्यापीठाच्या पेट्रोलियम संशोधनासाठी वळवले. पृष्ठभागाचं रसायनशास्त्र म्हणजे नुसती पुस्तकी विद्या नव्हे हे पक्कं जाणणारा हा माणूस. त्याच्या परिषदेच्या नव्या प्रयोगशाळेच्या प्रमुखपदी मॅकबेन यावेत, हे आज मागे वळून पाहताना फार साजेसं वाटतं.

मॅकबेन १९४९ मध्ये पुण्यात आले. वय ६७. या वयात स्टॅनफर्डचं हवामान आणि मानमरातब सोडून नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात, अजून रंगाचा वासही न गेलेल्या इमारतीत प्रयोगशाळा उभी करायला येणं ही सोपी गोष्ट नव्हती. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, परकीय चलन तुटपुंजं होतं आणि संशोधनाची बरीचशी उपकरणं बोटीनं यायची. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते एनसीएलचं उद्घाटन झालं. त्याच दिवसांत इंडियन सायन्स काँग्रेसचं अधिवेशनही पुण्यात भरलं होतं. अध्यक्ष होते संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस. प्रजासत्ताक व्हायला अजून तीन आठवडे बाकी होते, आणि पाषाणच्या माळावर देशातली रसायनशास्त्राची सगळ्यात मोठी सरकारी प्रयोगशाळा उघडली होती. कलिल विज्ञानावरचा मॅकबेन यांचा मोठा ग्रंथही त्याच साली, १९५० मध्ये, प्रसिद्ध झाला.

१९५२ पर्यंत ते संचालक होते. त्यांच्या जागी आले जॉर्ज फिंच. हेही पृष्ठभागाचेच शास्त्रज्ञ, आणि शिवाय १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ऑक्सिजनच्या नळकांड्या पाठीवर घेऊन चढलेले गिर्यारोहक. १९५७ मध्ये के. वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक झाले. मॅकबेन मात्र पुणे सोडल्यावर फार जगले नाहीत. १२ मार्च १९५३ रोजी त्यांचं निधन झालं. एकाहत्तरावा वाढदिवस दहा दिवसांवर होता. मायसेलच्या पोटात पदार्थ कसे सामावतात यावरचं पुस्तक मेरी मॅकबेन यांनी एरिक हचिन्सन यांच्याबरोबर पूर्ण केलं. ते १९५५ मध्ये आलं.

नेमक्या त्याच वर्षी मायसेल खडकावर पोचला. खनिजं वेगळी काढण्याच्या धंद्यात गॉडिन आणि फ्युअरस्टनाऊ यांना क्वार्ट्झच्या दाण्यांवर सर्फॅक्टंट कसा बसतो ते पाहायचं होतं. सुरुवातीला रेणू एकेक करून बसत होते. पण एका ठरावीक प्रमाणानंतर अधिशोषण एकदम उसळी मारत होतं. त्यांनी त्याचा अर्थ असा लावला की दगडावर बसलेले रेणूही शेपटीला शेपटी लावून पुंजके करतात. त्याला नाव पडलं हेमीमायसेल, म्हणजे अर्धा मायसेल. वाळूचा बहुतेक भाग क्वार्ट्झच. आणि जगातल्या कितीतरी तेलविहिरी वाळूच्याच खडकात आहेत.

आता तेलाकडे. भुईखालचं तेल तळ्यासारखं साठलेलं नसतं. ते दगडाच्या बारीक छिद्रांत भिजलेलं असतं. विहीर खणली की आधी ते स्वतःच्या दाबानं वर येतं. दाब संपला की दुसऱ्या विहिरीतून पाणी ढकलून ते पुढे रेटतात. एवढं करूनही साधारणपणे दोन तृतीयांश तेल मागेच राहतं. छिद्राच्या अरुंद गळ्यात तेलाचा थेंब अडकतो आणि पाणी त्याला वळसा घालून निघून जातं. तेल आणि पाणी यांच्यामधला पृष्ठताण थेंबाला वाकू देत नाही. योग्य सर्फॅक्टंट मिसळला तर हा ताण दहा हजार पटींनी कमी होऊ शकतो. मग थेंब लांबट होतो, गळ्यातून निसटतो आणि पुढच्या थेंबाला मिळतो. साबणाच्या पाण्यानं खडक धुण्याची ही कल्पना १९२० च्या दशकाच्या अखेरीसच पेटंटमध्ये आली होती. १९६० च्या दशकात मॅरेथॉन ऑइल कंपनीनं अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये ती प्रत्यक्ष करून पाहिली. त्या पद्धतीला म्हणतात मायसेलर फ्लडिंग. लंडनच्या सभेत निरर्थक ठरवलेला शब्द तेलविहिरीच्या कागदपत्रांत जाऊन बसला.

मग अडचण कुठं आहे? खडक साबण खातो, इथं. एक घनमीटर वाळूचा खडक घ्या, ज्यात २० टक्के छिद्रं आहेत. त्याचं वजन सुमारे २१०० किलो. छिद्रांत मावतं २०० लिटर. त्यातल्या ३० टक्के जागेत, म्हणजे ६० लिटर, एक टक्का सर्फॅक्टंटचं पाणी सोडलं तर त्यात सर्फॅक्टंट झाला सुमारे ६०० ग्रॅम. आता खडकाच्या प्रत्येक ग्रॅमनं अर्धा मिलिग्रॅम जरी सर्फॅक्टंट अंगाला लावून घेतला, तरी हिशेब एक किलोच्या वर जातो. म्हणजे सोडलेला सगळा माल खडकानंच गिळला आणि तेलाच्या थेंबापर्यंत काहीच पोचलं नाही. हेच प्रमाण ग्रॅमला एक दशांश मिलिग्रॅमवर आणता आलं तर जवळपास दोन तृतीयांश माल कामाला उरतो. मिलिग्रॅमच्या त्या अपूर्णांकावर कोट्यवधी रुपयांचा प्रकल्प नफ्यात जाणार की बुडणार हे ठरतं.

किती सर्फॅक्टंट जाणार हे खडकाच्या जातीवर आहे. वाळूच्या दगडावर साधारणपणे ऋणभार असतो, म्हणून तिथं ऋणभाराचेच सर्फॅक्टंट वापरतात. सारखे भार एकमेकांना दूर ठेवतात. पण वाळूत चिकणमाती असेल तर गणित बिघडतं. मातीच्या कणांना पृष्ठभाग प्रचंड. गंगापूरकडच्या काळ्या मातीत जी फुगणारी चिकणमाती असते, तिच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग उलगडला तर काहीशे चौरस मीटर भरतो. त्यात पाण्यात कॅल्शियम असेल तर ते माती आणि सर्फॅक्टंट यांच्यामध्ये पुलासारखं उभं राहतं. मराठवाड्यात बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्यामागेही हेच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं.

यातून वाचायला मदत झाली तीही मायसेलचीच. सर्फॅक्टंटचं प्रमाण वाढवत नेलं तर खडकावरचं अधिशोषण वाढतच जाईल असं वाटतं, पण तसं होत नाही. मायसेल तयार होऊ लागले की पुढचे रेणू त्यांच्यात जाऊन बसतात आणि सुट्या रेणूंची संख्या जवळपास स्थिर होते. खडकाला चिकटतात ते मुख्यतः सुटे रेणू. त्यामुळे अधिशोषणाचा आलेख वर चढून पठारासारखा सपाट होतो. खडकाची भूक कधीतरी भागते, आणि किती घातल्यावर भागेल हे आधी मोजता येतं. ही खात्री नसती तर या धंद्यात कुणी पैसा घातला नसता.

भूक कमी करण्याचे उपायही आहेत. सर्फॅक्टंटबरोबर सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, सोडला तर खडकावरचा ऋणभार वाढतो आणि कॅल्शियमही बाजूला पडतं. किंवा आधी लिग्नोसल्फोनेटसारखा स्वस्त पदार्थ पाठवून खडकाचं पोट त्यानंच भरायचं, मग मागून महागडा माल. रिठ्यातल्या सॅपोनिनचीही यासाठी प्रयोगशाळांत चाचणी झालेली आहे.

भारत आज ८० टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, त्यामुळे आहे त्या विहिरींतून चार थेंब जास्त काढण्याला किंमत आहे. राजस्थानात बाडमेरजवळच्या मंगला क्षेत्राचा खडक वाळूचा आहे. तिथं पॉलिमर सोडून तेल रेटलं जातं, आणि सोडा, सर्फॅक्टंट व पॉलिमर असं तिन्ही मिळून प्रायोगिक कामही झालं आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरच्या मुंबई हायचं प्रकरण वेगळं आहे. १९७४ मध्ये सागरसम्राटनं तिथं तेल शोधलं, १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. पण तिथला मुख्य तेलखडक चुनखडीचा. चुनखडीवर बहुधा धनभार असतो, त्यामुळे वाळूत चालणारे ऋणभाराचे सर्फॅक्टंट तिला लगेच चिकटतात. वर भर समुद्रात रसायनं नेऊन साठवण्याचा खर्च आणि समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम. म्हणून तिथं मुख्य भिस्त अजूनही पाण्यावरच आहे.

कुठल्याही नव्या क्षेत्रात काम काढायचं झालं तर पहिली चाचणी फार साधी असते. विहिरीतून काढलेल्या खडकाची पूड करतात, ठरावीक ताकदीच्या सर्फॅक्टंटच्या पाण्यात ती टाकतात आणि बाटल्या कित्येक तास हलवत ठेवतात. मग पूड खाली बसवून वरच्या पाण्यात सर्फॅक्टंट किती उरला ते मोजतात. जेवढा कमी झाला तेवढा खडकानं घेतला. आकडा फार मोठा आला तर तो सर्फॅक्टंट बाद करतात आणि दुसऱ्याची बाटली लावतात.